परदेशातली कला-इंटर्नशिप आणि ग्राफिटीवरचा प्रबंध: बडोद्याच्या विद्यार्थ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बडोद्यात चित्रकला, मुद्राचित्रण, कलेतिहास किंवा संग्रहालयशास्त्र शिकणारे विद्यार्थी आणि त्यांचे पालक हे प्रश्न सारखे पाठवत असतात. सोपे प्रश्न आधी घेतले आहेत, अडचणीचे नंतर. एकच गोष्ट दोनदा सांगण्याऐवजी त्या त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ग्राफिटी, स्ट्रीट आर्ट, म्यूरल हे सगळं एकच ना?

नाही. हा फरक पहिल्याच प्रकरणात धड मांडला नाही, तर परीक्षक तिथेच अडतात. ग्राफिटी म्हणजे मुळात नाव लिहिणं. ती करणारे स्वतःला 'रायटर' म्हणवतात, चित्रकार नव्हे. एका झटक्यात केलेली सही म्हणजे टॅग. दोन रंगांत भरभर फुगवलेली अक्षरं म्हणजे थ्रो-अप. वेळ काढून केलेलं बहुरंगी काम म्हणजे पीस, आणि अक्षरं एकमेकांत इतकी गुंतवली की बाहेरच्याला वाचताच येऊ नयेत, ती वाइल्डस्टाइल. हे सगळं बहुतेक वेळा परवानगीशिवाय होतं आणि वाचणारे असतात दुसरे रायटर. स्ट्रीट आर्ट येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी असते: स्टेन्सिल, पोस्टर, चित्रं. म्यूरल म्हणजे भिंतमालकाने सांगून किंवा परवानगी देऊन करून घेतलेलं भित्तिचित्र.

मराठी वाचकाची आणखी एक गंमत आहे. आपल्याकडे 'ग्राफिटी' म्हटलं की वर्तमानपत्रातलं एका ओळीचं चटकदार वाक्य आठवतं. प्रबंध मराठीत लिहीत असाल, तर हा अर्थ पहिल्या पानावरच बाजूला काढा. पुरातत्त्वातला अर्थ मात्र सोडू नका. पॉम्पेईच्या भिंतींवर कोरलेल्या आणि लिहिलेल्या ११,००० हून अधिक नोंदी सापडल्या आहेत, त्यांनाही ग्राफिटीच म्हणतात.

२. इंटर्नशिप मिळतेय म्यूरल करणाऱ्या संस्थेत आणि प्रबंध आहे ग्राफिटीवर. दोन्हींचा संबंध लावायचा कसा?

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच. थोडक्यात उत्तर असं: इंटर्नशिपमध्ये परवानगीची बाजू आतून दिसते, ग्राफिटी विनापरवानगीच्या बाजूला असते. एक भिंत कुणाला मिळते, कुणाला नाही आणि कुणाचं लिहिलेलं पुसलं जातं, हा निर्णय घेणाऱ्या टेबलाशी तुम्ही इंटर्न म्हणून बसता. कुठल्याही रायटरला तिथे बसायला मिळत नाही. तुमच्या प्रबंधाचं खरं भांडवल तेच आहे.

फिलाडेल्फियाचं उदाहरण घ्या. आज जगभर नावाजलेला तिथला म्यूरल आर्ट्स कार्यक्रम १९८४ साली शहराच्या ग्राफिटीविरोधी यंत्रणेचा भाग म्हणून सुरू झाला. भिंतींवर नावं लिहिणाऱ्या मुलांना म्यूरलच्या कामाला लावायचं, अशी ती योजना. म्हणजे म्यूरलची ही चळवळ ग्राफिटी थांबवण्याच्या खटपटीतून जन्मली. अशा संस्थेत चार महिने काम करून 'मला सामुदायिक कलेची ओळख झाली' एवढंच लिहिणं म्हणजे विहिरीपाशी जाऊन तहानलेलं परतणं. विचारायला हवं ते असं: भिंत निवडताना आधीच्या टॅगांचा विचार होतो का? मसुद्याला मंजुरी कोण देतं? चित्रावर कुणी टॅग केला तर दुरुस्तीचा खर्च कोणाच्या खात्यात जातो?

बर्लिनमध्येही पैशाचा माग काढण्यासारखा आहे. २०१७ साली उघडलेलं अर्बन नेशन हे संग्रहालय एका मोठ्या गृहनिर्माण कंपनीशी जोडलेल्या प्रतिष्ठानाने उभं केलं. घरं भाड्याने देणाऱ्या कंपनीला भिंतीवरच्या कलेत रस का असावा, एवढ्या एका प्रश्नावर अख्खं प्रकरण उभं राहू शकतं.

३. मग कोणत्या प्रकारची इंटर्नशिप ग्राफिटीच्या संशोधनाला सगळ्यात उपयोगी?

आमचं मत विचाराल तर अभिलेखागार (आर्काइव्ह), आणि तेच मुलांना सगळ्यात रटाळ वाटतं. म्यूरल-स्टुडिओत हात चालतो, संग्रहालयात ओळखी होतात, पण हजारो फोटो वर्षं, जागा आणि शैली यांनुसार लावताना जी नजर तयार होते ती दुसरीकडे होत नाही. जर्मनीत पाडरबॉर्न आणि कार्ल्सरूअ इथल्या विद्यापीठांनी 'इनग्रिड' नावाचा ग्राफिटीचा माहितीसंच उभारला आहे. त्यातले बरेच फोटो मानहाइमच्या पोलिसांच्या संग्रहातून आले. संशोधकाने इथे थबकायला हवं, कारण पोलीस फोटो काढतात ते पुराव्यासाठी. खटल्याला उपयोगी पडेल ते टिपलं जातं, बाकीचं सुटतं. संग्रह कुणी आणि कशासाठी केला हे कळल्याशिवाय त्यावरून 'त्या काळी टॅगच जास्त होते' असा निष्कर्ष काढता येत नाही.

जतन-संवर्धनाची प्रयोगशाळा हा चौथा पर्याय. रसायनाची आवड असेल तरच घ्या.

४. आधी विषय ठरवायचा की आधी इंटर्नशिप शोधायची?

आधी प्रश्न, मग जागा, मग विषयाचं शीर्षक. शीर्षक आधीच गोठवलं तर तिथे गेल्यावर दिसणाऱ्या गोष्टी त्यात बसत नाहीत. प्रश्नच नसेल तर तीन महिने फोटो काढण्यात जातात. निघण्यापूर्वी मार्गदर्शकांकडे दोन पानांचा आराखडा द्या: कोणता प्रश्न, कोणत्या भिंती किंवा कागद, कोणती पद्धत, आणि यजमान संस्थेकडून नेमकं काय बघायला मिळणार. शेवटच्या मुद्द्यावर संस्थेचा लेखी होकार घ्या. 'आमचे जुने मसुदे आणि बैठकांची टिपणं बघू देऊ' असं एक वाक्य ईमेलवर असलं तरी पुरतं. तोंडी होकार दिलेला माणूस नोकरी बदलून गेला की होकारही जातो.

अर्ज निघायच्या तारखेच्या आठ ते दहा महिने आधी सुरू करा. निवडीला वेळ लागतोच, पण घोडं बहुधा व्हिसाच्या कागदांवर अडतं.

५. टुरिस्ट व्हिसावर जाऊन इंटर्नशिप केली तर चालेल का? बिनपगारीच तर आहे.

चालणार नाही. पगार नसला म्हणून काम हे काम नसतं असं नाही. विमानतळावर 'कशासाठी आलात' याचं खरं उत्तर दिलं तर परत पाठवतील, खोटं दिलं तर पुढचे सगळे व्हिसा धोक्यात.

अमेरिकेसाठी जे-१ व्हिसाचा इंटर्न हा प्रकार आहे. तुम्ही शिकत असायला हवं किंवा पदवी मिळून १२ महिन्यांच्या आत सुरुवात व्हायला हवी. मुदत जास्तीत जास्त १२ महिने. इथे गोंधळ होतो तो 'यजमान' आणि 'प्रायोजक' यांत. ज्या स्टुडिओत काम करणार तो यजमान. डीएस-२०१९ हा कागद मात्र सरकारमान्य प्रायोजक संस्थाच देते, आणि प्रायोजकाची फी वेगळी असते. डीएस-७००२ या प्रशिक्षण-आराखड्यात टप्प्याटप्प्याने काय शिकणार ते लिहावं लागतं. तिथे 'भिंती रंगवणे' एवढंच लिहू नका. नोंदणी, अभिलेख, समाजाशी सल्लामसलत ही कामं लिहा, म्हणजे पुढे तीच करायला मिळावीत म्हणून बोट ठेवता येईल.

जर्मनीत अभ्यासाशी जोडलेल्या प्रशिक्षणासाठी निवास-कायद्याच्या कलम १६ई खाली सहा महिन्यांपर्यंत परवाना मिळू शकतो. तुम्ही शिकत असायला हवं किंवा पदवी गेल्या दोन वर्षांतली हवी. लेखी करार लागतो. इंटर्नशिप अभ्यासक्रमाचा अनिवार्य भाग असेल तर किमान वेतनाचा नियम लागू होत नाही. स्वेच्छेने केलेली आणि तीन महिन्यांपेक्षा जास्त असेल तर लागू होतो. छोट्या संस्था तीन महिन्यांचंच बोलावणं का पाठवतात, याचं कोडं इथे सुटतं. विद्यापीठाचं पत्र 'अनिवार्य' म्हणतं की 'ऐच्छिक', हे अर्जापूर्वीच नीट वाचा (प्रश्न ६ पाहा).

ब्रिटनमध्ये गव्हर्नमेंट ऑथराइज्ड एक्स्चेंज हा तात्पुरत्या कामाचा व्हिसा असतो. तिथेही स्टुडिओ स्वतः प्रायोजक नसतो, मान्यताप्राप्त मंडळ असतं. शेंगेन देशांच्या (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांच्या) अल्पमुदतीच्या व्हिसाला किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. भिंतीवर, परांचीवर, शिडीवर काम करणार असाल, तर त्या विम्यात कामावरचे अपघात धरले आहेत का हे बघा. साध्या प्रवासविम्यात बहुधा नसतात.

६. इंटर्नशिपचं क्रेडिट मिळतं का?

निघण्यापूर्वी विभागाची मंजुरी घेतली असेल तरच. परत आल्यावर प्रमाणपत्र पुढे करून काही होत नाही. तासांची नोंदवही ठेवा: तारीख, तास, काम, पर्यवेक्षकाची सही. क्रेडिट तासांवर मोजलं जातं, आणि 'जून ते ऑगस्ट' असं मोघम प्रमाणपत्र मोजता येत नाही.

७. भिंतींची नोंद नेमकी कशी करायची? माझ्याकडे मोबाइलमध्ये हजारो फोटो आहेत.

हजारो फोटो म्हणजे नोंद नव्हे. भिंती कमी निवडा आणि पुन्हा पुन्हा जा. वीस भिंती, आठवड्याला एक फेरी, बारा आठवडे, हे एका माणसाला झेपतं.

प्रत्येक भिंतीसाठी उभं राहायची जागा ठरवून टाका, लेन्स एकच वापरा. ३५ मिमी लेन्स आणि फुल-फ्रेम कॅमेरा घेऊन भिंतीपासून ४ मीटरवर उभं राहिलं, तर एका फोटोत साधारण ४.१ मीटर रुंदी आणि २.७ मीटर उंची येते. दर मीटरला सरकत फोटो काढला की शेजारच्या दोन फोटोंत तीन-चतुर्थांश भाग सामाईक येतो. पुढे संगणकावर ते जोडून सरळ, मोजता येईल अशी एकसंध प्रतिमा करायला एवढी सामाईकता लागते. १० मीटरच्या भिंतीला एका ओळीत ११-१२ फोटो. भिंत २.७ मीटरपेक्षा उंच असेल तर दुसरी ओळ. सुरुवातीला एकदा मोजपट्टी आणि रंगपट्टी चौकटीत धरून फोटो घ्या, नाहीतर ढगाळ दिवशीचा निळा आणि उन्हातला निळा यांत फरक भिंतीचा की उजेडाचा, हे सांगता येत नाही. ऊन थेट भिंतीवर असेल तेव्हा जाऊ नका.

साठवणीचा हिशेब आधीच करा. वीस भिंती गुणिले बारा फेऱ्या गुणिले पंधरा फोटो म्हणजे ३,६०० फोटो. रॉ फाइल (कॅमेऱ्यातली प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) ३० एमबीची धरली तर सुमारे १०८ जीबी. दोन प्रती, दोन वेगळ्या ठिकाणी. एकाच बॅगेत दोन हार्ड डिस्क ठेवणं म्हणजे एकच प्रत.

फाइलच्या नावात शहर, भिंतीचा क्रमांक, तारीख आणि फोटोचा क्रमांक एवढंच. बाकी तक्त्यात: पृष्ठभाग (वीट, काँक्रीट, शटर), साधन (स्प्रे, मार्कर, रोलर, कोरलेलं), प्रकार, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कोणावर कोण. कुठला टॅग कुठल्या पीसच्या वर आला हे थर क्रमाने लिहा. पुरातत्त्वात मातीचे थर वाचतात तसेच हे. रायटरांच्या जगात दुसऱ्याच्या कामावर लिहिणं म्हणजे आव्हान किंवा अपमान, त्यामुळे थरांचा क्रम हाच भांडणांचा आणि मैत्रीचा दस्तऐवज असतो. पुसलेला भागही नोंदवा. पालिकेने मारलेला करडा पट्टा ही भिंतीवरची एक नोंदच आहे.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे फक्त सुंदर पीसचे फोटो काढणं. टॅग 'घाण' वाटतात म्हणून सुटतात, आणि मग प्रबंधातली भिंत खऱ्या भिंतीपेक्षा कितीतरी देखणी निघते.

८. भिंत मध्येच पुसली गेली. माझं काम वाया गेलं का?

उलट, आता खरी सामग्री हाती आली. पुसण्याची तारीख, कुणी पुसलं, कुठल्या रंगाने, किती उंचीपर्यंत आणि त्यावर पुन्हा पहिलं अक्षर कधी आलं, हे नोंदवा. न्यूयॉर्कच्या लाँग आयलंड सिटीतली ५ पॉइंट्झ ही ग्राफिटीने मढलेली इमारत नोव्हेंबर २०१३ मध्ये रातोरात पांढरी केली गेली. कलाकार कोर्टात गेले आणि २०१८ साली मालकाला ४५ कामांसाठी २१ कलाकारांना ६७.५ लाख डॉलर देण्याचा आदेश झाला. २०२० मध्ये अपिलातही तो टिकला. ती सगळी कामं मालकाच्या परवानगीने झाली होती, हे तपशिलात लिहायला विसरू नका. बोलोन्यामध्ये उलटं घडलं: भिंतींवरून काढलेली कामं प्रदर्शनात मांडली जाणार म्हटल्यावर 'ब्लू' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कलाकाराने मार्च २०१६ मध्ये शहरातली आपलीच चित्रं करड्या रंगाने पोतारून टाकली. पोतारणं ही कधी सत्तेची कृती असते, कधी कलाकाराची.

आणि आहे ते जुनंच आहे असं गृहीत धरू नका. बर्लिनच्या ईस्ट साइड गॅलरीची, म्हणजे जुन्या बर्लिन भिंतीच्या रंगवलेल्या तुकड्याची, १,३१६ मीटर भिंत १९९० सालची म्हणून ओळखली जाते, पण २००९ च्या दुरुस्तीत बरीच चित्रं नव्याने रंगवली गेली आणि काही कलाकारांनी तसं करायला नकार दिला. तिथे उभं राहून काढलेल्या फोटोखाली '१९९०' लिहिलं तर चूक ठरेल.

९. स्प्रेचे डबे इथून नेऊ का? तिथे महाग असतात म्हणे.

स्प्रे-पेंट ज्वलनशील एरोसोल आहे. ते ना हातातल्या बॅगेत चालतं, ना चेक-इन सामानात. थिनरवाले मार्करही घरीच ठेवा. वह्या, कटर (चेक-इनमध्ये), हातमोजे न्या.

मास्कबद्दल मात्र कंजूषी नको. कोरोनाच्या काळातला एफएफपी-२ मास्क धूळ अडवतो, द्रावकाची वाफ नाही. स्प्रेसाठी ए-२ पी-२ फिल्टर बसवलेला अर्धा मुखवटा लागतो. मुखवटा लावूनही वास येऊ लागला की फिल्टर संपला, तो त्याच दिवशी बदला. बंद गोदामात काम देत असतील आणि हवा खेळती नसेल, तर नम्रपणे नाही म्हणा.

म्यूरल-स्टुडिओत स्प्रे कमीच हाताळाल, असंही होईल. फिलाडेल्फियात पॅराशूट क्लॉथ नावाच्या न विणलेल्या कापडाच्या ५ बाय ५ फुटांच्या तुकड्यांवर आत बसून रंगवतात आणि मग ते अ‍ॅक्रिलिक जेलने भिंतीला चिकटवतात. अशा भिंतीचा 'लेखक' कोण, हा प्रश्न ग्राफिटीच्या एकट्या सहीशेजारी ठेवून बघा.

१०. यजमान संस्थेने सोशल मीडियाचंच काम दिलं. महिना वाया गेला. आता?

करार आणि प्रशिक्षण-आराखडा (प्रश्न ५) काढून पर्यवेक्षकाशी बोला. 'मला आवडत नाही' म्हणू नका. 'आराखड्यात नोंदणीचं काम दहा तास होतं, ते कधीपासून?' असं विचारा. एवढ्याने बऱ्याचदा मार्ग निघतो. नाही निघाला तर आहे त्यातून घ्या. संस्था कुठल्या भिंतीचा फोटो टाकते, कुठल्या कोनातून टॅग कापून टाकते, प्रतिक्रिया कोणत्या उडवते, हेही संशोधनाचं साहित्य आहे. फक्त ते वापरायचं तर परवानगी घेऊनच.

११. फोटो प्रबंधात छापले तर कॉपीराइट लागतो का? भिंत तर रस्त्यावरच आहे.

देशागणिक उत्तर बदलतं. आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सार्वजनिक जागी कायम उभ्या असलेल्या शिल्पांची आणि कलात्मक कारागिरीच्या वस्तूंची सूट आहे. चित्र त्या सवलतीत येत नाही, त्यामुळे म्यूरलचा फोटो 'रस्त्यावर होतं' म्हणून आपोआप मोकळा होत नाही. संशोधन, टीका आणि परीक्षण यांसाठीची न्याय्य वापराची तरतूद मात्र आहे आणि प्रबंध तिच्यात बसतो. ब्रिटनचा नियमही शिल्पांना सवलत देतो, चित्रांना नाही. जर्मनीत कलम ५९ खाली सार्वजनिक रस्त्यावरून दिसणाऱ्या, तिथे कायमच्या असलेल्या कामाचा फोटो छापता येतो.

प्रबंधाचं पुढे पुस्तक किंवा प्रदर्शन झालं की हिशेब बदलतो, तेव्हा कलाकाराची लेखी परवानगी घ्या. फोटोखाली कलाकाराचं नाव, जागा, तारीख आणि फोटो कुणी काढला हे चारही असू द्या. ग्राफिटीच्या बाबतीत मात्र नाव छापणं हेच धोक्याचं ठरू शकतं (प्रश्न १२).

भिंतीवरच्या कलेचे नैतिक हक्क भारतातही मानले गेले आहेत. दिल्लीच्या विज्ञान भवनातून काढलेल्या भित्तिशिल्पाबद्दल अमरनाथ सहगल यांना दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ साली ५ लाख रुपये भरपाई दिली. तुलनेच्या प्रकरणात ५ पॉइंट्झशेजारी हा निकाल ठेवा.

१२. रायटरची मुलाखत घेतली तर त्याचं नाव लिहू का?

खरं नाव लिहू नका, आणि विचारूही नका. जे तुमच्याकडे नाही ते कुणी मागून नेऊ शकत नाही. पत्रकाराला असलेलं थोडंफार संरक्षण संशोधकाला सहसा नसतं.

पीएच.डी.चा प्रबंध शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर जातो, जगात कुठूनही उघडतो. 'एम., वय २३, अमुक कॉलेजात शिकतो, तमुक पुलाखाली लिहितो' अशी चार वाक्यं जोडली की गुपित फुटलं. टॅगचं नाव, जागा आणि माणसाचा तपशील या तीनपैकी दोन एका ठिकाणी येऊ देऊ नका. मुलाखतीचं ध्वनिमुद्रण कूटबद्ध (पासवर्डशिवाय न उघडणारं) ठेवा, लिहून झालं की पुसा, आणि पुसणार आहात हे संमतिपत्रात आधीच सांगा. सही घ्यायची तर खरं नाव येतं, म्हणून तोंडी संमती ध्वनिमुद्रित करण्याची परवानगी विद्यापीठाच्या नीतिसमितीकडून आधी घ्या. युरोपात असाल तर तिथला विदा-संरक्षण (डेटा प्रोटेक्शन) कायदा तुम्हालाही लागू आहे. फोटोत वाटसरूंचे चेहरे आले तर अस्पष्ट करा.

१९७१ साली न्यूयॉर्क टाइम्समध्ये 'टाकी १८३' या रायटरवर बातमी आली आणि शहरभर नावं लिहिणारे वाढले. छापलं गेलेलं नाव भिंतीवर परिणाम करतं. तुमच्या लेखनानेही होऊ शकतो, हे ध्यानात असू द्या.

१३. ते म्हणाले, 'आज रात्री यार्डात चल, बघायला मिळेल.' जाऊ का?

नाही. रेल्वे-यार्डात शिरणं हा अतिक्रमणाचा गुन्हा आहे, स्प्रेचा डबा हातात नसला तरी. तिसऱ्या रुळातली वीज आणि मागून येणारी रिकामी गाडी हे धोके वेगळेच. व्हिसावर असलेल्या परदेशी विद्यार्थ्याला अटक म्हणजे इंटर्नशिप, व्हिसा आणि बहुधा प्रबंधही संपला. सकाळी ताजं काम बघा आणि कसं झालं ते नंतर विचारा. कायदेशीर भिंती, उदाहरणार्थ लंडनची लीक स्ट्रीट, इथे उजेडात बसून हात कसा चालतो ते बघता येतं. पण तिथली घाई वेगळी, भीती नाही, म्हणून अक्षरंही वेगळी निघतात, हे लिहून ठेवा.

१४. परदेशातल्या अनुभवाची बडोद्याशी तुलना कशी करू? इथे ग्राफिटी आहेच कुठे?

जुन्या बडोद्यातल्या मांडवीच्या आसपास न्यूयॉर्क शोधायला निघालात तर हात हलवत परताल. तुलना शैलीची न करता परवानगीची करा.

बडोद्याची परवानगीची बाजू भक्कम आहे. कीर्तिमंदिरात नंदलाल बोस यांनी १९३९ पासून काही वर्षं काम करून भित्तिचित्रं केली, राजाश्रयाने. रावपुऱ्यातल्या तांबेकर वाड्याच्या भिंती एका दिवाणाच्या घरात रंगल्या. पालिकेच्या स्वच्छतेच्या मोहिमांतून रंगवलेल्या भिंती याच रांगेतल्या: पान थुंकू नये, पोस्टर चिकटवू नये म्हणून चित्र काढायचं. फिलाडेल्फियाचं १९८४ (प्रश्न २) इथे आठवायला हवं.

विनापरवानगीच्या बाजूला शोधा: कमाटीबागेतल्या बाकांवर कोरलेली नावं, वसतिगृहांच्या भिंती, बडोद्याजवळच्या चांपानेरच्या जुन्या वास्तूंवर खरवडलेले बदाम. 'अहीं जाहेरखबर चोंटाडवी नहीं' (इथे जाहिरात चिकटवू नये) या पाटीवरच चिकटवलेली जाहिरात घ्या. लघवी करू नये म्हणून लावलेल्या देवांच्या टाइल्सही घ्या, त्या तर लेखनाविरुद्धचं लेखनच. निवडणुकीतली भिंत तिसऱ्याच खात्यात येते. आचारसंहितेप्रमाणे मालकाच्या परवानगीशिवाय भिंतीवर घोषणा लिहायची नाही, लिहिणारा मात्र पेशेवर पेंटर असतो. या सगळ्याला सरसकट 'ग्राफिटी' म्हणू नका. प्रत्येक प्रकाराला लोक जो शब्द वापरतात तो वापरा, आणि मग तो शब्द ग्राफिटीशी कुठे जुळतो ते दाखवा.

चांपानेरमध्ये नोंद करताना फक्त फोटो. संरक्षित स्मारकावर खरवडणाऱ्याला प्राचीन स्मारकांच्या कायद्याने दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो, आणि खडूने खूण करणं किंवा ठसा घेणं हेही तुमच्या अंगाशी येऊ शकतं. शहरातल्या खाजगी भिंतीवर परवानगीशिवाय लिहिणं भारतीय न्याय संहितेत 'आगळीक' (दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान करण्याचा गुन्हा) ठरू शकतं. सार्वजनिक मालमत्तेला १९८४ चा वेगळा कायदा आहे.

१५. घरचे विचारतात, भिंती रंगवायला एवढ्या लांब कशाला?

त्यांना प्रश्न २ वाचायला द्या. पगार किती हा त्यांचा पुढचा प्रश्न असेल. तेव्हा राहणं, विमा, प्रायोजकाची फी आणि व्हिसा यांचा कागदावर मांडलेला हिशेब हातात असू द्या. 'मिळेल काहीतरी' यावर कुणाचे बाबा ऐकत नाहीत.

१६. ऑनलाइन इंटर्नशिप चालेल का?

अभिलेखागाराची असेल तर चांगली चालते: फोटोंचं वर्गीकरण, शब्दसूची, जागांची पडताळणी. भिंत वाचायची असेल तर नाही. रंगाचा थर, खरवड, ओल, उंची हे पडद्यावर कळत नाही. दोन महिने ऑनलाइन करून मग एक महिना प्रत्यक्ष जाणं हा मधला मार्ग स्वस्तही पडतो.

१७. करारात लिहिलंय की इंटर्नने केलेलं सगळं संस्थेचं. मग माझे फोटो आणि टिपणं कोणाची?

सही करण्यापूर्वी हे वाक्य सुटं करून घ्या. कामाच्या वेळात संस्थेच्या कॅमेऱ्याने काढलेलं संस्थेचं, यात वाद नको. तुमच्या वेळात, तुमच्या साधनांनी, तुमच्या प्रश्नासाठी केलेली नोंद तुमची, असं एक पुरवणी-कलम मागा. सोबत दुसरं: संस्थेचे अंतर्गत कागद प्रबंधात उद्धृत करण्यापूर्वी त्यांना वाचायला द्याल, पण निष्कर्ष बदलण्याचा हक्क त्यांना नसेल.

ते मानत नसतील तर दोन वह्या ठेवा, पहिल्या दिवसापासून. एकीत संस्थेचं काम, दुसरीत तुमचं क्षेत्रकार्य, आणि दुसरीतल्या प्रत्येक नोंदीवर तारीख आणि वेळ. मार्गदर्शकांना दर आठवड्याला दुसऱ्या वहीच्या पानांचा फोटो ईमेल करा. नोंद कधीची आणि कोणाची यावर पुढे वाद झालाच, तर त्या ईमेलवरची तारीख कामी येते.